सरड्याचा माणूस करताना शरीर काय म्हणतं?

अद्भुत कथा, कॉमिक्स आणि गेम्समध्ये सरडामाणसं जागोजागी भेटतात. हातात भाला, अंगावर हिरवे खवले, पिवळ्या डोळ्यांत उभी काळी फट, दुभंगलेली जीभ आणि बोलताना लांबवलेला ‘स’. पण चित्राकडे थोडा वेळ बघत राहिलं की खवल्यांखालचा नेहमीचा माणूस दिसायला लागतो. खांदे माणसाचे, कंबर माणसाची, पोटऱ्या माणसाच्या, स्त्रीपात्र असेल तर भरदार छाती, आणि मागे कुठेतरी चिकटवलेली शेपटी. मग वाद पेटतो. एक बाजू म्हणते, असलं शरीर दोन पावलंही चालणार नाही. दुसरी म्हणते, ज्या जगात ड्रॅगन आग ओकतात तिथे शरीरशास्त्राचं काय काम?

या वादात ‘जैविकदृष्ट्या पटणारं’ असा शब्दप्रयोग सारखा येतो. असा प्राणी कुठेतरी खरोखर असला पाहिजे, असा त्याचा अर्थ नाही. शरीराचे भाग एकमेकांशी जुळावेत, त्यांना लागणारी ऊर्जा कुठूनतरी यावी आणि आधीच्या कुठल्या तरी प्राण्यापासून टप्प्याटप्प्याने हे शरीर घडलं असेल असं कल्पता यावं, इतकंच त्यात अपेक्षित आहे. या अटींनी कल्पनेचे पंख कापले जातात असं मला अजिबात वाटत नाही. उलट सरडामाणसांच्या गोष्टीतला सगळ्यात ताजा मजकूर याच अटींमधून निघतो.

## पण जादू आहे ना?

आहेच, आणि असावीही. फक्त ती कुठे लागू होते हे लेखकाने ठरवलेलं असावं. ड्रॅगन आग ओकतो हे कथेने उघडपणे सांगितलेलं असतं, म्हणून वाचक ते मान्य करून पुढे जातो. सरडाबाईला स्तन आहेत हे मात्र कुणी ठरवलेलं नसतं, ते सवयीने आलेलं असतं. जाणूनबुजून मोडलेला नियम आणि ठाऊकच नसलेला नियम यांतला फरक बघणाऱ्याला जाणवतो, नेमकं काय खटकलं ते सांगता आलं नाही तरीही.

ही जात देवाने मातीतून घडवली असं कथेत म्हटलं, तर उत्क्रांतीचा प्रश्न मिटला. पण त्या शरीरालाही श्वास घ्यायचा आहे, धावायचं आहे, थंडीत तग धरायचा आहे. ते प्रश्न देव मध्ये आणूनही सुटत नाहीत.

## आधी ठरवा, नेमका कोण?

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बारा हजारांच्या आसपास जाती आज माहीत आहेत आणि त्या सगळ्या एका साच्याच्या नाहीत. पाली, सरडे, घोरपडी आणि साप एका मोठ्या शाखेत येतात. कासवं वेगळी, मगरी-सुसरी वेगळ्या, आणि न्यूझीलंडमधला टुआटारा सरड्यासारखा दिसत असला तरी सरडा नव्हे. मगरीचं जवळचं नातं तर सरड्याशी नसून पक्ष्यांशी आहे.

नेहमीच्या चित्रात मगरीची पाठ, सापाची जीभ आणि पालीची पुन्हा उगवणारी शेपटी एकाच अंगावर नांदतात. प्रत्यक्षात मगरीची जीभ खालच्या जबड्याला जखडलेली असते, तिला ती बाहेर काढताच येत नाही. शत्रूच्या हाती शेपटी सोडून पळ काढणं पालींना आणि बऱ्याच सरड्यांना जमतं, घोरपडीला नाही. शिवाय पालीला नवी शेपटी फुटते तिच्यात मणके नसतात, कूर्चेची सलग नळी असते. तोडलेला हात तर कुठल्याच सरड्याला धड परत मिळत नाही. कथांमधले सरडायोद्धे मात्र आठवड्याभरात नवा हात घेऊन रणांगणावर हजर होतात.

डोळ्यांचंही तसंच. बाहुलीची उभी फट मगरीला शोभते, रात्री हिंडणाऱ्या पालींना शोभते. भर दिवसा शिकार करणाऱ्या घोरपडीची बाहुली गोल असते. सापाला पापण्याच नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवल्याचं झाकण असतं, म्हणजे सर्पमानव डोळे मिचकावणार नाही.

म्हणून पहिलं काम, एक पूर्वज पक्का करायचा. तो ठरला की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

## मेंदूचा खर्च कोण भरणार?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि बहुतेक चित्रकार-लेखक तो विचारतही नाहीत.

सरपटणाऱ्या प्राण्यांना आपण थंड रक्ताचे म्हणतो, पण उन्हात बसलेल्या सरड्याचं रक्त आपल्याइतकंच ऊबदार असतं. फरक ऊब कुठून येते यात आहे. आपण अन्न जाळून ती शरीरात तयार करतो, सरडा ती उन्हाकडून आणि तापलेल्या दगडाकडून घेतो. अशा प्राण्यांना बाह्यतापी म्हणतात. शरीर जिवंत ठेवायला आत ऊर्जेची जी उलाढाल सतत चालू असते ते चयापचय. बाह्यतापी प्राण्याचं विश्रांतीतलं चयापचय त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण एक दशांश असतं.

सस्तन प्राणी म्हणजे भरपूर कमाई आणि तितकाच भरमसाट खर्च असलेलं घर. एक पगार चुकला की हाल. सरडा म्हणजे तुटपुंज्या मिळकतीत अंथरूण पाहून पाय पसरणारं घर. या दुसऱ्या घरात आपल्याला माणसाएवढा मेंदू नांदवायचा आहे.

माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असतो, पण विश्रांतीत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. ढोबळमानाने दिवसाला ३०० किलोकॅलरी. माणसाएवढ्या वजनाच्या सरपटणाऱ्या प्राण्याचा मेंदूसकट सगळा विश्रांतीतला खर्च या हिशेबाने दीडशेच्या घरात येतो. म्हणजे फक्त मेंदूच सगळ्या शरीराच्या दुप्पट मागतोय. हे गणित काटेकोर नाही, कारण गार शरीरातल्या मेंदूचा खर्चही कमी होतो, पण अडचण किती मोठी आहे ते त्यातून कळतं.

यातून वाटा आहेत, आणि त्या कपोलकल्पित नाहीत. पहिली म्हणजे शरीराने थोडी ऊब स्वतः तयार करणं. दक्षिण अमेरिकेतल्या टेगू नावाच्या मोठ्या सरड्याबद्दल २०१६ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. विणीच्या हंगामात, रात्री बिळात असताना, या सरड्याचं शरीर भोवतालापेक्षा १० अंश सेल्सिअसपर्यंत जास्त गरम राहतं असं त्यात दिसलं. काही अजगरांच्या माद्या अंड्यांभोवती वेटोळं घालून स्नायू थरथरवतात आणि अंडी उबवतात. लेदरबॅक हे समुद्री कासव थंडगार पाण्यातही आपलं प्रचंड शरीर ऊबदार ठेवतं. हंगामापुरती ऊब जर निसर्गात आहे, तर ती बारमाही झालेली जात कल्पणं फार धाडसाचं नाही.

दुसरी वाट पक्ष्यांची. कावळे आणि पोपट यांचा मेंदू काही ग्रॅमचाच असतो, पण त्यात चेतापेशी इतक्या दाटीने बसवलेल्या असतात की काही कोड्यांमध्ये हे पक्षी माकडांच्या तोडीस तोड ठरतात. सरडामाणसाचं डोकं माणसाएवढं फुगवायची गरजच नाही. चपटं, लांबट, सरड्यासारखंच डोकं ठेवून आत पेशी दाट भरा. चित्रही देखणं होतं.

तिसरी वाट मला स्वतःला सर्वांत आवडते. खर्च कमीच ठेवायचा आणि संथ जगायचं. मोठा अजगर एका भरपेट शिकारीवर कित्येक आठवडे काढतो. बर्मी अजगराचं हृदय तर जेवणानंतर दोन-तीन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं आणि पचन संपलं की पुन्हा मूळ आकारावर येतं. असं शरीर असलेल्या लोकांच्या सैन्याला रसदीच्या गाड्या जवळजवळ लागणार नाहीत, महिनाभराचा वेढा ते उपाशीपोटी सहज सोसतील. पण पहाटेच्या गारठ्यात कुणी हल्ला केला तर हात उचलायलाही जड जाईल. त्यांची नगरं पूर्वेकडे तोंड करून बसलेली असतील, महत्त्वाच्या सभा दुपारी भरतील, आणि ज्याच्या ताब्यात तापलेले कातळ त्याच्या हाती सत्ता.

## दोन पायांवर उभं राहायचं तर

सरडे दोन पायांवर धावू शकतात. मध्य अमेरिकेतला बॅसिलिस्क तसाच पाण्यावरून पळतो, ऑस्ट्रेलियातला झालरवाला सरडाही मागच्या पायांवर सुसाट सुटतो. पण वेग कमी झाला की दोघेही पुन्हा चार पायांवर.

इथे शेपटीचं काम समजून घ्यायला हवं. मगर आणि सरडे यांच्यात शेपटीच्या बुडापासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा एक जाडजूड स्नायू असतो. पाऊल टाकताना पाय मागे खेचण्याची मुख्य ताकद तो पुरवतो. आपल्याकडे शेपटी नाही, म्हणून पाय मागे नेण्याचं आणि धड सावरण्याचं काम नितंब आणि मांडीच्या मागचे स्नायू करतात. तेव्हा जाड शेपटी आणि माणसासारखे गोलाकार नितंब एकाच पात्राला दिले की एका कामाला दोन यंत्रं बसवल्यासारखं होतं. शेपटी ठेवायची तर ती बुडाशी मांडीएवढी जाड हवी. काढायची तर पायांची रचना नव्याने करावी लागेल. पक्ष्यांनी तेच केलं, त्यांची हाडांची शेपटी आखडली आणि चालण्याचं बरंचसं काम गुडघ्याकडे गेलं.

आणखी एक गोष्ट. शेपटी तोल सावरते ती धड आडवं असताना, पुढे छाती-डोकं आणि मागे शेपटी अशी. धड काठीसारखं ताठ केलं की शेपटी नुसती खाली लोंबकळते. तोलाला तिचा फारसा उपयोग नाही, बसताना मात्र अडचण.

श्वासाचा मुद्दा याहून कमी माहीत आहे. सरडा पळताना त्याचं अंग डावीउजवीकडे वळतं, त्यामुळे एका बाजूचं फुप्फुस दाबलं जातं आणि दुसरं पसरतं. धावता धावता नीट श्वास घेता येत नाही. डेव्हिड कॅरियर या संशोधकाने १९८७ मध्ये ही मर्यादा स्पष्टपणे मांडली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. घोरपडी यातून मार्ग काढतात, गळ्याच्या हालचालीने पंपासारखी हवा आत ढकलतात. मगरीची तऱ्हा आणखी वेगळी, एक स्नायू तिचं यकृत मागे ओढतो आणि त्यामुळे फुप्फुसांना पसरायला जागा होते. धापा टाकणारा मगरयोद्धा रंगवायचा असेल तर छातीइतकंच त्याचं पोटही हललं पाहिजे. घोरपडीच्या वंशातल्या योद्ध्याचा गळा फुगला पाहिजे.

उभं राहिलं की डोकं हृदयापेक्षा बरंच वर जातं आणि रक्त तिथवर चढवायला दाब लागतो. मगरीचं हृदय चार कप्प्यांचं आहे, बाकीच्या सरपटणाऱ्यांमध्ये खालचा कप्पा पूर्ण विभागलेला नसतो. उंच, ताठ पात्रासाठी मगरीचा वंश थोडा सोयीचा पडतो तो यामुळे.

## डायनोसॉरचं काय?

हा प्रश्न हमखास येतो आणि त्यामागे एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९८२ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या राष्ट्रीय संग्रहालयातले जीवाश्मशास्त्रज्ञ डेल रसेल आणि शिल्पकार रॉन सेगँ यांनी एक पुतळा केला. स्टेनोनिकोसॉरस हा छोटा, मोठ्या डोळ्यांचा, त्या काळच्या मानाने मोठ्या मेंदूचा डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या विनाशातून वाचला असता तर आज कसा दिसला असता, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तरादाखल उभा राहिला तो एक ताठ, बिनशेपटीचा, तीन बोटांचा, टपोऱ्या डोळ्यांचा जीव. त्याला बेंबी होती, कारण तो पिल्लांना जन्म देतो असं रसेल यांनी धरलं होतं. स्तन मात्र नव्हते.

पुढे या पुतळ्यावर भरपूर टीका झाली. शेपटी गेली, धड ताठ झालं, चेहरा चपटा झाला, म्हणजे बुद्धी आली की शरीर माणसासारखं होणारच असं गृहीत धरलं गेलं, हा मुख्य आक्षेप. या डायनोसॉरचे आजचे नातलग म्हणजे पक्षी, आणि आडव्या धडाचा, पिसांचा, चोचीने हत्यार वापरणारा कावळा आपल्यासमोर आहे. मला हा आक्षेप पटतो. तरी रसेल यांचं मोठेपण हे, की प्रत्येक बदलाचं कारण त्यांनी सांगितलं, म्हणूनच त्यावर इतकी वर्षं नेमका वाद घालता येतोय.

## छाती, घाम आणि खवले

स्तन म्हणजे दुधाच्या ग्रंथी आणि त्या सस्तन प्राण्यांच्याच असतात. आपल्या आणि सरड्यांच्या वंशांची फारकत ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी झाली आणि दूध आपल्या बाजूला आलं. मग बाई ओळखायची कशी? निसर्गात उत्तरं ढीगभर आहेत. कित्येक सापांमध्ये आणि कासवांमध्ये मादीच आकाराने मोठी असते. अनेक सरड्यांत नराचं डोकं रुंद, रंग भडक, गळा किंवा तुरा मोठा असतो. सेनापती म्हणून धिप्पाड मादी आणि तिच्या शेजारी नटलेला, लहानखुरा नर असं चित्र काढलं तर ते जीवशास्त्राच्या जास्त जवळ जाईल.

यांना घामाच्या ग्रंथी नाहीत, त्यामुळे उन्हात लढणारा सरडामाणूस निथळणार नाही, तोंड वासून उभा राहील. खवले म्हणजे चिलखत असंही नाही. बहुतेक सरड्यांचे खवले पातळ असतात, खरं चिलखत त्वचेखालच्या हाडांच्या पत्र्यांचं, जे मगरींना आणि काही सरड्यांनाच मिळालं आहे. साप सलग कात टाकतो, सरड्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघते. खवल्यांवर रंगवलेली मानचिन्हं कातीबरोबर निघून जाणार, तेव्हा ती दरवेळी नव्याने द्यायचा सोहळा त्या समाजात असू शकेल.

## चेहरा हलत नसेल तर आपुलकी कशी वाटणार?

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो कथेच्या गाभ्याशी आहे. आपलं हसू, भुवया उंचावणं, ओठ मुडपणं हे चेहऱ्याच्या बारीक स्नायूंचं काम आहे. सरड्याच्या चेहऱ्यावर असले स्नायू नाहीत. म्हणून कलाकार त्याला भुवया आणि लवचिक ओठ देतात, आणि पात्र पुन्हा रंगवलेला माणूस होऊन बसतं.

पण सरडे अबोल नाहीत. दगडावर बसलेला सरडा बघा. दुसरा सरडा दिसला की तो पुढच्या पायांवर अंग वरखाली करतो, थांबतो, मान झटकतो, गळ्याची पिशवी ताणून रंग दाखवतो, आणि हे ठरावीक ठेक्यात. ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा रागावला की त्याची दाढी फुगून काळी होते. समोरचा बलवान असेल तर तोच सरडा एक पुढचा पाय उचलून सावकाश गोल फिरवतो, ‘मी भांडणार नाही’ या अर्थाने. शॅमेलियनच्या त्वचेत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते आणि स्फटिकांमधलं अंतर बदललं की रंग बदलतो, हे २०१५ मध्ये उलगडलं. आता एखादा प्रसंग कल्पून बघा. राजासमोर उभा असलेला दूत शब्दांनी आश्वासनं देतोय आणि गळ्याचा काळपट रंग त्याला लपवता येत नाही. वाचकाला ही भाषा पहिल्या काही पानांत शिकवली की तो पुढे स्वतःच वाचत जातो. आपुलकी ओळखीतून येते, तिला भुवयांची गरज नाही.

बोलण्याचं काय? प, फ, ब, भ, म या ध्वनींना दोन्ही ओठ मिटावे लागतात आणि स्नायूंचे ओठ सरड्याला नाहीत. पोपटालाही ते नाहीत, तरी श्वासनलिकेच्या बुडाशी असलेल्या स्वरयंत्राच्या जोरावर तो हे ध्वनी बऱ्यापैकी उठवतो, म्हणजे मार्ग आहे. लांबवलेला ‘स’ मात्र गैरसमजातून आलाय. सापाचा फूत्कार श्वासनलिकेच्या तोंडातून जोराने सुटणाऱ्या हवेचा असतो. दुभंगलेली जीभ वासाचे कण गोळा करून टाळूतल्या गंधेंद्रियाकडे नेते, त्या आवाजाशी तिचा संबंध नाही. उलट ‘स’ नीट म्हणायला जीभ दातांमागे नेमकी टेकवावी लागते, तेव्हा चिरलेल्या, निमुळत्या जिभेला तोच ध्वनी जड जाईल. बोलकं पात्र हवं असेल तर इग्वानासारखी मांसल जीभ द्या.

मगरवंशी लोक असतील तर आणखी छान शक्यता आहे. अमेरिकन ॲलिगेटरचा नर पाण्यात अर्धवट बुडून इतक्या खोल आवाजात कंप काढतो की माणसाला त्यातला काही भाग ऐकूच येत नाही, पण त्याच्या पाठीवरचं पाणी थेंबाथेंबाने उडायला लागतं. नदीकाठच्या अशा लोकांची गुप्त भाषा पाण्यातून, मैलभर अंतरावरून, माणसांच्या नकळत चालू राहील.

## अंडी, पिल्लं आणि राजकारण

सगळ्या मगरींमध्ये आणि बऱ्याच कासवांमध्ये पिल्लू नर की मादी हे अंडं किती ऊबेत वाढलं त्यावर ठरतं. माडलेन शार्निये या संशोधिकेने १९६६ मध्ये आफ्रिकेतल्या एका सरड्यात हे पहिल्यांदा नोंदवलं. अमेरिकन ॲलिगेटरची अंडी ३० अंशांच्या आसपास वाढली तर माद्या निघतात, ३३ च्या आसपास बहुतेक नर. तीन अंशांचा फरक. ज्या राज्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे तिथे उबवणगृहाची किल्ली कोणाकडे, हा वारसाहक्काचा प्रश्न होतो. सैन्य हवं असलेला राजा आणि वंश हवा असलेली राणी यांचं भांडण दोन टोपल्या वाळूवरून पेटू शकतं.

कोमोडो ड्रॅगन या महाकाय घोरपडीची मादी नराशिवायही पिल्लं घालू शकते हे २००६ मध्ये इंग्लंडच्या प्राणिसंग्रहालयांतल्या माद्यांवरून कळलं. त्यांच्या गुणसूत्रांची मांडणी अशी, की अशा पिल्लांत सगळे नरच जगतात. निर्जन बेटावर अडकलेली एकटी राणी, आणि तिला फक्त मुलगेच.

मात्र संस्कृती उभी राहायची तर अंड्यांहूनही महत्त्वाचं आहे लांब बालपण. भाषा, हत्यारं, गाणी शिकायला वर्षं लागतात, आणि बहुतेक सरपटणारी पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतंत्र असतात. इथेही निसर्गात धागे आहेत. मगर आई पिल्लांची हाक ऐकून घरटं उकरते, त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते आणि पुढे बराच काळ राखण करते. पिल्लांना थेट जन्म देण्याची पद्धत सरडे आणि सापांमध्ये शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उदयाला आली आहे. ऑस्ट्रेलियातल्या शिंगलबॅक सरड्याची मादी एका वेळी एक-दोनच, पण भलीमोठी पिल्लं घालते, आणि तिची जोडी वर्षानुवर्षं दर वसंतात पुन्हा जमते. त्याच्याच नात्यातले काही सरडे आईबाप आणि वेगवेगळ्या वयाची पिल्लं मिळून एकाच कपारीत राहतात. सरडामाणसांचा पूर्वज शोधायचा झाला तर मी जबडे आणि नखं बाजूला ठेवून या कपारीपासून सुरुवात करेन, कारण मोठ्या भावंडाचं बघून धाकट्याने शिकावं अशी सोय तिथे आधीच आहे.